टपालाने आलेला तपकिरी पट्टा

हिवरवाडी, ता. सेलू, जि. परभणी
१२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय दिनकरराव गुरुजी यांना भागवतचा सादर नमस्कार.

रविवारी सकाळी मी मेंढरं वेळेवर सोडली नाहीत. ती वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, ओरडत होती आणि मी पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या जागेत उभा होतो. देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकांना आधीच हळदीचं बोट लावून आलो होतो. निळा पट्टा बांधला, बादली पालथी घातली, तिच्यावर विटेला टेकवून फोन ठेवला आणि समोरचा कॅमेरा लावला. मागच्या कॅमेऱ्याला फोन धरणारं माणूस लागतं. समोरच्यात आपण आपल्याला दिसतो, पाय चौकटीबाहेर जात नाहीत ना तेवढं बघता येतं. मग जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि सुरुवात केली.

कराटेच्या तपकिरी पट्ट्याच्या परीक्षेचा तो व्हिडिओ त्याच दिवशी तुमच्या नंबरवर पाठवला आहे. बावीस मिनिटांचा आहे, मध्ये कुठे कापलेला नाही. तुमच्या नियमाप्रमाणे सोबत हे हाताने लिहिलेलं पत्र: जागा कोणती, पाहणारं कोण, आणि काय चुकलं.

जागा वर लिहिली. पाहणारी शिवकन्या, माझी घरधनीण. ती भाकरी घेऊन मध्येच आली, त्यामुळे तिचा आवाज व्हिडिओत आला असेल. त्याबद्दल माफी असावी.

“अवो, मेंढरं कवाची वरडायलीत, अन् तुमी हवेला बुक्क्या मारायलाव व्हय?”

मी मान न वळवता म्हणालो, “परीक्षा हाय.”

“कोन घ्यायलंय?”

“मिरजंचे गुरुजी.”

तिने फोनकडे बघून पदर सावरला आणि शेवटपर्यंत जागची हलली नाही. नंतर मी तिला काता म्हणजे काय ते सांगितलं, की ठरलेल्या क्रमाने, समोर नसलेल्या माणसाशी झुंजायचं. ती म्हणाली, “समोर न्हाई तेच बरं हाय. असता तर तुमचं काय खरं न्हवतं.”

काय चुकलं ते असं. तिसऱ्या कात्यात वळताना गुडघा वाकला. एकोणपन्नास वर्षांचा गुडघा आहे, पण ती सबब सांगत नाही.

आता एक विचारायचं आहे. आमच्या शाळेचे दत्तराव सर परवा वाघरीवर आले होते. फेब्रुवारीत जिंतूरला शाळांच्या मुलींची कराटे स्पर्धा आहे. अर्जावर प्रशिक्षकाची सही लागते आणि प्रशिक्षक निदान तपकिरी पट्ट्याचा असावा लागतो. सर म्हणाले, “भागवतराव, पंचक्रोशीत दुसरं कुनी न्हाई. तुमीच शिकवा.” अकरा मुली आहेत. यातली एकही आजवर गावाबाहेर कसल्या स्पर्धेला गेलेली नाही.

मी सातवी शिकलेला मेंढपाळ. करोनाच्या वर्षी तुमचा घरबसल्या वर्ग लावला तो माझ्या लेकीने, रुपालीने. तिचे व्हिडिओ मी फोन धरून काढायचो. ती नर्सिंगला नांदेडला निघून गेली, तिचा पोशाख खुंटीला तसाच राहिला. शिवकन्येने त्याला खालून-बाजूने कापड जोडलं आणि मी तो घातला. गेली तीन वर्षं फोनमध्ये तुम्हाला बघून करत आलो, एवढीच माझी विद्या. एवढ्यावर मी दुसऱ्याला शिकवावं का?

आपला,
भागवत


मिरज
२५ नोव्हेंबर २०२४

भागवतराव, नमस्कार.

तपकिरी पट्टा आणि प्रमाणपत्र टपालात टाकलं आहे. अभिनंदन.

तुमच्या पत्नीचा आवाज अगदी स्पष्ट आला. कानावर तसलं बोलणं येत असताना ज्याची लय मोडत नाही, त्याला मी आणखी कोणती परीक्षा घालू? तुमचं पाऊल जमिनीवर एकदाच वाजतं, घासत नाही. मला तेवढं पुरतं. बारीकसारीक बघत बसण्याचं माझं वय गेलं.

मुलींना शिकवा. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. सहा वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि मी वर्ग बंद करून जुन्या व्हिडिओंवर हे फोनवरचं शिकवणं सुरू केलं, तेव्हा इथले माझे जुने सोबती हसले. टपालाने लाथ मारायला कुणी शिकतं का, म्हणाले. आजपर्यंत माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं. तुमच्या अकरा मुली जिंतूरच्या मैदानात उभ्या राहिल्या, तर ते उत्तर होईल.

अट एकच. शिकवताना पट्टा बांधून शिकवायचं. त्याने आपलीच पाठ ताठ राहते.

आपला,
दिनकरराव


हिवरवाडी
१७ डिसेंबर २०२४

आदरणीय गुरुजी,

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी पट्टा मिळाला. टपालवाल्याने विचारलं, “भागवतराव, काय मागिवलंव?” मी पट्टा म्हणालो, तर तो म्हणाला, “पँटीचा?” त्याला समजावत बसलो नाही. चंपाषष्ठीला भंडारा उधळला, पट्टा खंडोबापुढे ठेवला आणि सोमवारी शाळेत बांधून गेलो.

मुली शाळा सुटल्यावर तासभर थांबतात. मी समोर उभा राहून करतो, त्या माझ्याकडे बघून करतात. मला त्या सर म्हणायला लागल्या होत्या. मी म्हणालो, सर शाळेत आहेत, मी मामा. तर आता रस्त्यात, मेंढरांमागे, पिठाच्या गिरणीत, जिथे दिसेन तिथे “मामा!” म्हणून वाकून नमस्कार करतात. गिरणीवाला म्हणाला, “तुमचं लय वजन वाढलंय.”

यातली रेणुका सातवीत आहे. अंगाने काडी, पण तोंड चालू. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “मामा, खरंच कुनी अंगावर आलं, तर पैली बुक्की कुनी मारायची?”

“आपुन न्हाई. पैला बचाव.”

“अन् त्यानं मारली तर?”

“तवाच तर बचाव.”

“अन् आपुन बचावच करत बसलो, अन् त्यो मारून घरी गेला तर?”

सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण तिचा पहिला काता बघितल्यावर हसू गेलं, गुरुजी. ही पोर वळते तेव्हा तिच्यापुढे खरंच कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मला हे तीन वर्षांत आलं नाही.

देवापुढे बसतो तेव्हा मी काही मागत नाही, तशी सवय नाही. या आठवड्यात मात्र मागितलं. म्हणालो, या पोरींना जिंतूर दिसू दे.

काय चुकलं, ते लिहायचा नियम आहे. या वेळी काही सापडलं नाही.

आपला,
भागवत


हिवरवाडी
५ जानेवारी २०२५

आदरणीय गुरुजी,

पत्राला उशीर झाला. थंडी फार आहे, दोन कोकरं गेली. स्पर्धेचा अर्ज सरांनी आणून दिला आहे. एकतीस तारखेच्या आत सही करून द्यायचा आहे. मुली येतात. सगळं ठीक आहे.

भागवत


मिरज
१२ जानेवारी २०२५

भागवतराव,

तुमचं पत्र माझ्या पत्नीने, कुसुमने, मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती म्हणाली, “हे त्यांचं पत्र वाटत नाही.” माझंही तेच मत आहे. काय चुकलं हा मजकूरच त्यात नाही. रेणुका नाही. तुमच्या पत्नीची एकही टीका नाही.

तुमच्यासारखा माणूस ‘सगळं ठीक आहे’ असं लिहितो, तेव्हा नक्की काहीतरी बिघडलेलं असतं. जे असेल ते लिहा. मी रागावणार नाही. रागावलो तरी मिरज तुमच्यापासून लांब आहे.

दिनकरराव


हिवरवाडी
१८ जानेवारी २०२५

आदरणीय गुरुजी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन चुलीत घातली.

रुपाली नाताळात दोन दिवस आली होती. संध्याकाळी मला हाक मारायला शाळेच्या मैदानावर आली आणि मुलींचा काता बघत उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाबा, ह्या समद्या उजवीकडं कशाला वळायल्यात? काता डावीकडनं सुरू होतो.”

मी म्हणालो, “गुरुजी जसं करतात, तसंच हाय.”

तिने फोनमध्ये तुमचा व्हिडिओ लावला. तुम्ही डावीकडे वळलात. मी म्हणालो, “ते समोर हायत ना. आपलं उजवं व्हावं म्हनून ते डावं करून दावतात.”

“कोन म्हनलं?”

“आमचे कवायतीचे मास्तर तसंच करायचे.”

गुरुजी, आमच्या शाळेत कवायतीचे मास्तर पोरांसमोर तोंड करून उभे राहायचे. आम्ही उजवा हात वर करायचा असला की ते स्वतःचा डावा करायचे, म्हणजे पोरांना आरशासारखं बघून करता यावं. सात वर्षं ते अंगात मुरलं. शिकवणारा समोर उभा असला की तो आपल्यासाठी उलटं करतो, हे मी धरूनच चाललो. तुमच्या व्हिडिओत तुम्ही बोलत नाही, फक्त आकडे मोजता. डावं-उजवं लिहिलेली पुस्तिका रुपाली नांदेडला घेऊन गेली होती. ती पुस्तिकेवरून शिकली, म्हणून तिचं बरोबर आणि माझं पहिल्या दिवसापासून उलटं. आणि मी मास्तरांसारखाच समोर उभा राहून मुलींनाही तेच उलटं दिलं.

रुपाली हसत हसत खालीच बसली. मग माझ्या तोंडाकडे बघून उठून उभी राहिली.

तरी मी म्हणालो, “उलटं असतं तर गुरुजींनी चार पट्टे कसे दिले?” आम्ही माझ्या परीक्षेचा व्हिडिओ लावला, तर त्यात मी डावीकडेच वळत होतो! माझ्या जिवात जीव आला. पण तिने माझ्यामागच्या पाण्याच्या टाकीवर बोट ठेवलं. टाकीवरची ‘ग्रामपंचायत’ ही अक्षरं उलटी दिसत होती. समोरच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटं साठवायचं एक बटण असतं. ते तिनेच कधीतरी चालू ठेवलं होतं, फोटोत भांग आरशातल्यासारखा दिसावा म्हणून. माझं उलटं फोनने आणखी एकदा उलटं केलं, आणि ते सुलट होऊन तुमच्याकडे आलं.

इथवर चूक होती. पुढचं चूक नाही. हे कळल्यावर तीन आठवडे मी मुलींना तेच उलटं शिकवत राहिलो. रोज ठरवायचो आज सांगू, आणि रोज त्या “मामा!” म्हणत पळत यायच्या. सांगितलं तर पट्टा खोटा, सही खोटी, जिंतूर बंद. नाही सांगितलं तर अकरा पोरी जिंतूरच्या मैदानात एकदम उजवीकडे वळतील आणि लोक हसतील. मेंढरांमागे चालताना हाच एक हिशेब चालू असतो. पट्टा बांधतो तेव्हा खंडोबाकडे बघवत नाही.

तुम्ही म्हणाल ते करीन.

आपला अपराधी,
भागवत


मिरज
२३ जानेवारी २०२५

भागवतराव,

अपराधी हा शब्द परत लिहू नका. तो माझ्या नावापुढे लागायला हवा.

टाकीवरची उलटी अक्षरं तीन वर्षांच्या व्हिडिओंत मला का दिसली नाहीत, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुमची भीड म्हणून विचारलं नसेल. तर ऐका. चार वर्षांपासून माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. व्हिडिओत मला एक पांढरा आकार हलताना दिसतो. मी पावलांचा आवाज ऐकतो, श्वास ऐकतो, आणि पट्टे देतो. तुमची पत्रं कुसुम वाचते, माझी उत्तरं ती लिहून घेते. ऑपरेशन साधं आहे असं सगळे सांगतात. डोळ्याला कुणी हात लावायचा, याचीच मला भीती वाटते. चाळीस वर्षं पोरांना ‘समोर बघा, पापणी मिटू नका’ सांगितलेला माणूस मी.

आता तुमचं. पट्टा ठेवा. उलट केलेल्या कात्यातही तोच बचाव, तोच ठोसा, तीच मेहनत असते. हाताला डावं-उजवं कळतं, मेहनतीला नाही. अर्जावर सही करा. मुलींना सांगा, उजवीकडून झालं, आता पुढचा टप्पा डावीकडून. महिन्याभरात त्या सुलट होतील, जिंतूरला जातील, आणि कुणाला काही कळणार नाही. चूक माझ्या डोळ्यांची होती, तिची शिक्षा अकरा मुलींना का?

दिनकरराव

ता. क. भागवतभाऊ, वरचा मजकूर यांनी सांगितला तसाच मी लिहून घेतला आहे. मला तो पटलेला नाही. पण तुमच्या मुली तुम्हाला ठाऊक, तुम्हीच ठरवा. — कुसुमबाई


हिवरवाडी
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय गुरुजी आणि कुसुमताई,

पत्र बुधवारी मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार हलकं वाटलं. तुम्ही सुटकेची वाट दाखवली होती, आणि ती गुरूनेच दाखवलेली होती. रात्री जेवताना शिवकन्येला वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “गुरुजी चांगले हायत.” थोड्या वेळाने म्हणाली, “पन त्या पोरी तुमाला मामा म्हनतात.” मला झोपेपर्यंत ते पुरलं.

गुरुवारी शाळेत गेलो. अर्ज सही न करता दत्तराव सरांना परत दिला आणि का ते सांगितलं. सर अर्ज टेबलावर टाकून म्हणाले, “भागवतराव, गप बसला असताव तर कुनाला कळलं असतं?” मी म्हणालो, “मला कळलंय ना सर.” ते चिडले. अकरा पोरींच्या बापांना समजावून सांगताना त्यांना किती फिरावं लागलं होतं ते मला माहीत आहे. त्यांचा राग मी ऐकून घेतला.

मग मुलींना रांगेत बसवलं आणि सगळं सांगितलं. कवायतीचे मास्तर, फोन, टाकी, सगळं. तुमच्या डोळ्यांचं सांगितलं नाही, ते माझं सांगायचं नाही. शेवटी त्यांच्यासमोर तपकिरी पट्टा सोडला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. यंदा जिंतूरला जाता येणार नाही हेही सांगितलं.

एक लहानगी म्हणाली, “म्हंजी आमी समदं खोटं शिकलाव?” मी म्हणालो, “खोटं न्हाई, उलटं. पन ते मी शिकिवलं.” दोघी-तिघी हसल्या, त्यांना गंमत वाटली. रेणुका हसली नाही.

“मामा, तुमाला कवापसनं ठाऊक व्हतं?”

खोटं बोलायला ती शेवटची संधी होती. मी म्हणालो, “महिना झाला.”

तिने दप्तर उचललं आणि निघून गेली. शुक्रवारी आली नाही, शनिवारीही नाही. गुरुजी, त्या दोन दिवसांत तुमचं म्हणणं ऐकायला हवं होतं असं अनेकदा वाटलं. तरी शनिवारी देवगाव फाट्यावरून सेलूला गेलो आणि तपकिरी पट्टा आणि प्रमाणपत्र तुमच्या नावाने टपालात टाकलं. हे पत्र पोहोचायच्या आधी ते पोहोचलं असेल. त्याआधीचे रंगीत पट्टे मी ठेवले आहेत, पण बांधणार नाही; आता पांढराच बांधीन.

माझी पांढऱ्या पट्ट्यापासूनची परीक्षा परत घ्यावी अशी विनंती आहे. मात्र घाई करू नका. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावरच घ्या. मला माझ्या गुरुजींनी बघितलेलं हवं आहे. चार पट्टे कानांनी दिलेत, पाचवा डोळ्यांनी द्या. कुसुमताई, तारीख ठरली की कळवा. त्या दिवशी इथे मी खंडोबापुढे बसून राहीन. आणि तुमच्या त्या जुन्या सोबत्यांना सांगा, टपालाने शिकलेला एक माणूस चुकला होता, आता परत शिकतो आहे. पुढच्या वर्षी जिंतूरला स्पर्धा आहेच.

आज सकाळी शाळेच्या आधी मुलींना बोलावलं होतं. दहाच आल्या. मी उभा राहायला लागलो तेवढ्यात फाटकातून रेणुका आली. माझ्याजवळ आली नाही, वाकून नमस्कारही केला नाही. दप्तर ठेवलं आणि म्हणाली, “मी शिकायला न्हाई आले. तुमी परत उलटं करायलाव का काय, ते बघायला आले.”

“बघ,” मी म्हणालो. “चुकलं की तितंच वरड.”

“वरडनारच हाय.”

ती माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली. बाकीच्यांना मी मागे रांगेत उभं केलं. या वेळी त्यांच्याकडे तोंड केलं नाही. आम्ही सगळे एकाच दिशेला, कोवळ्या उन्हाकडे तोंड करून उभे राहिलो. पांढऱ्या पट्ट्याची गाठ पुन्हा एकदा बघितली, जमिनीला हात लावून कपाळाला लावला, आणि डावीकडे वळलो.

आपला शिष्य,
भागवत